ऑइलर्सचं सीझन तिकीट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

कॅनडातल्या एडमंटनमधल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात हा विषय निघतोच: इथल्या आइस हॉकी संघाचं, ऑइलर्सचं, सीझन तिकीट, म्हणजे घरच्या सगळ्या सामन्यांचं एकगठ्ठा तिकीट, घ्यावं की नाही? २०२३-२४ च्या हंगामासाठी आम्ही चार घरांनी मिळून रॉजर्स प्लेस या त्यांच्या अरीनातल्या दोन खुर्च्या घेतल्या. ऑक्टोबरात सुरू झालेला हंगाम २४ जूनला संपला. त्यालाही आता काही आठवडे झाले, डोकं थोडं शांत झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. घ्या, पण एकट्याने घेऊ नका आणि फक्त मोठ्या सामन्यांवर डोळा ठेवून घेऊ नका. कॅलगरी, टोरोंटो, मॉन्ट्रियल हे सामने पाहायचे असतील तर तेवढीच सुटी तिकिटं काढलेली परवडतात. सीझन तिकिटाचे पैसे वसूल होतात ते कोलंबस किंवा नॅशव्हिलविरुद्धच्या आठवड्यातल्या साध्या संध्याकाळी, जेव्हा कुठलाही थाटमाट नसलेला संघ बघायला मिळतो.

हिशेब सोपा आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये ३२ संघ आहेत. २०२३-२४ च्या नियमित हंगामात प्रत्येकाचे ८२ सामने होते, त्यातले ४१ घरचे. दर दोन-चार दिवसांनी सामना, तोही बहुतेक वेळा संध्याकाळी सात वाजता. नोकरी, मुलांचा अभ्यास, शनिवारची मराठी शाळा सांभाळून ४१ सामने एका घराला झेपत नाहीत. आम्ही सप्टेंबरात एका घरी जमलो, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि पाळीपाळीने सामने निवडले. पहिल्या फेरीत सगळे कॅलगरी आणि टोरोंटोवर तुटून पडले. आता परत निवडायला बसले तर मी फेब्रुवारी-मार्चमधल्या तारखा आधी उचलेन. तोवर संघाची घडी बसलेली असते, कोण कुठे खेळतो ते आपल्याला कळायला लागलेलं असतं आणि प्रत्येक गुण मोलाचा असतो.

जागेबद्दल. आमच्या खुर्च्या वरच्या मजल्यावर, एका गोलच्या मागे कोपऱ्याकडे आहेत. नव्या माणसाला मी डोळे झाकून हीच जागा सुचवेन. खाली काचेजवळ बसलं की वेग अंगावर येतो, खेळाडू रिंकभोवतीच्या फळीवर आदळतो तो आवाज छातीत जाणवतो, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही. वरून सगळी रिंक समोर पसरलेली असते. टीव्हीचा कॅमेरा पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावतो. वरून दिसतं ते पकपासून लांब असलेल्यांचं काम: बचावपटू मागे सरकताना दोघांमधलं अंतर कसं राखतात, पाऊण मिनिटाच्या आसपास पळून दमलेले खेळाडू खेळ चालू असतानाच बाकाकडे कसे वळतात आणि त्यांच्या जागी दुसरे कसे उडी मारतात. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा संघाच्या जुन्या कोलिझियम अरीनापासूनचे तिकीटधारक. ऑइलर्सचा दिग्गज ग्रेट्झकी त्यांनी तिथे बघितलेला. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली: कप्तान कॉनर मॅकडेव्हिड बर्फावर उतरला की पकवरून नजर काढायची आणि समोरच्या बचावपटूंचे पाय बघायचे. तो अजून मधल्या रेषेपाशीही पोचलेला नसतो आणि हे मागे मागे सरकायला लागलेले असतात. एकदा ते दिसलं की मग टीव्हीवरही दिसायला लागतं.

आता या हंगामाबद्दल, कारण तिकीट घेताना आपण हंगाम विकत घेतो आणि तो कसा निघेल हे दुकानदारही सांगू शकत नाही. सुरुवात फार वाईट झाली. पहिल्याच सामन्यात व्हँकुव्हरने त्यांच्या घरी ८-१ ने धुतलं. मग आमच्या घरच्या पहिल्या सामन्यात पुन्हा व्हँकुव्हरकडूनच ४-३. विनिपेग, न्यूयॉर्क रेंजर्स, डॅलस, नॅशव्हिल, येतील ते जिंकून जात होते. मध्ये २९ ऑक्टोबरला कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये उघड्यावर झालेला हेरिटेज क्लासिक तेवढा जिंकला, ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर कॅलगरीविरुद्ध ५-२. पण रॉजर्स प्लेसच्या छताखाली १३ नोव्हेंबर उजाडेपर्यंत एकही विजय नव्हता. ९ नोव्हेंबरला सॅन होजेसारख्या तळाच्या संघाकडून हरल्यावर आमच्या ग्रुपवर तिकिटं विकून टाकायची भाषा सुरू झाली. तीन दिवसांनी प्रशिक्षक जे वूडक्रॉफ्ट यांना काढलं आणि क्रिस नोब्लॉक आले. त्यांच्या पहिल्या सामन्यात आयलँडर्सना ४-१ ने हरवलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हे दिवस अनुभवाचाच भाग आहेत, हे नव्या लोकांना मी मुद्दाम सांगते. पैसे भरलेले असतात, संघ हरतोय, बाहेर बर्फ पडतोय आणि तरी जायचं असतं. अशा रात्री लोक घरच्या संघावर ओरडतात. गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर एडमंटनचाच मुलगा, पण त्यालाही सुटका नव्हती. दुसरा गोलरक्षक जॅक कॅम्पबेल तर नोव्हेंबरातच खालच्या लीगमध्ये, बेकर्सफील्डला गेला. माझ्या मुलीला त्या ओरडण्याची भीती वाटली होती. लहान मुलांना पहिल्यांदा नेणार असाल तर शनिवार-रविवारचा दुपारचा सामना बघा, तेव्हा कुटुंबं जास्त असतात.

मग वारं फिरलं. २१ डिसेंबरपासून २७ जानेवारीपर्यंत सलग १६ विजय. पिट्सबर्गचा १९९३ मधला १७ चा विक्रम एका पावलावर असताना ६ फेब्रुवारीला लास व्हेगसमध्ये ही मालिका ३-१ ने तुटली. जानेवारीच्या मध्यात इथे पारा उणे चाळिशीत गेला होता, वीज जपून वापरा म्हणून प्रांताचा इशारा सगळ्यांच्या फोनवर खणखणला होता आणि तशा थंडीत १६ तारखेला टोरोंटोविरुद्धचा सामना झाला. ऑइलर्स ४-२ ने जिंकले. निम्मी खालची गॅलरी टोरोंटोच्या निळ्या जर्सींनी भरलेली, त्यामुळे प्रत्येक गोलला दोन्हीकडून आवाज. अशा दिवशी गाडी काढू नका. एलआरटीने, म्हणजे शहरातल्या रेल्वेने, मॅकईवन स्टेशनला उतरलं की अरीना समोरच आहे. पार्किंगचे पैसे वाचतात आणि सामना संपल्यावर गोठलेली गाडी सुरू करत बसावं लागत नाही. परतीच्या गाडीला गर्दी असते, एक गाडी सोडून पुढची पकडा. आत हवा गार असली तरी सोसवते. खरा त्रास जाड कोट मांडीवर घेऊन तीन तास बसण्याचा.

मला या हंगामातलं सर्वांत जास्त काय आवडलं म्हणून विचाराल तर मी कॉनर ब्राउनचं नाव घेईन. मॅकडेव्हिडचा हा ज्युनियर हॉकीपासूनचा दोस्त. आदल्या हंगामात वॉशिंग्टनकडून अवघे चार सामने खेळून गुडघा गमावून बसलेला. ऑइलर्सनी त्याला घेतलं आणि मार्च उजाडला तरी त्याच्या नावावर एक गोल नव्हता. पन्नासच्या वर सामने, शून्य गोल. आम्ही त्याला महिनोनमहिने बघत होतो. पकच्या मागे पळायचा, पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला एक माणूस शिक्षेच्या बाकावर असताना, शॉट अंगावर घ्यायचा, संधी मिळाली की पक गोलरक्षकाच्या पॅडवर किंवा खांबाच्या बाहेर. वर बसलेली माणसं त्याच्या प्रत्येक शॉटला अर्धी उठायची आणि परत बसायची. मार्चमध्ये, वॉशिंग्टनविरुद्धच, त्याचा पहिला गोल झाला. तो सामना ७-२ असा एकतर्फी सुटला, निकालावर त्या गोलने काही फरक पडला नाही. पण अख्खं अरीना उभं राहिलं. बाकावरचे खेळाडू फळीवर स्टिका आपटत होते आणि ब्राउनने दोन्ही हात वर करून मान मागे टाकली होती. आमच्या शेजारचे आजोबा रडत होते. हायलाइट्समध्ये तो गोल काही सेकंदांत संपतो. ऑक्टोबरपासून त्याचे रिकामे हात पाहिलेल्या माणसाला तो वेगळा दिसतो आणि मी सीझन तिकीट घ्या म्हणते ते यासाठी.

बाकी आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. ४९ विजय, १०४ गुण. झॅक हायमनचे ५४ गोल. एप्रिलमध्ये सॅन होजेविरुद्ध घरीच मॅकडेव्हिडचा हंगामातला शंभरावा असिस्ट (गोलसाठी दिलेला पास), जो त्याआधी फक्त ग्रेट्झकी, लेम्यू आणि ऑर यांनाच जमला होता.

प्लेऑफचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, पैसे वेगळे भरावे लागतात, हे खरेदीच्या वेळी नीट समजून घ्या. प्रत्येक फेरीत चार सामने आधी जिंकेल तो संघ पुढे जातो. प्रत्येक फेरीला दर चढतो आणि निर्णयाला वेळ थोडा मिळतो. या वेळी संघ चारही फेऱ्या खेळला, घरी १२ सामने झाले, आणि आमचं चारही घरांचं बजेट कोलमडलं. फायनलच्या वेळी पुनर्विक्रीचे भाव असे होते की दोनच तिकिटं विकली असती तर वर्षभराच्या खर्चाचा मोठा वाटा निघाला असता. त्यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली. एका घराला खरोखर पैशांची गरज होती आणि त्यात गैर काही नव्हतं. शेवटी ठरलं की पहिल्या फेरीतला लॉस एंजेलिसविरुद्धचा एक सामना विकायचा, पैसे त्या घराला द्यायचे, फायनलला हात लावायचा नाही. तुम्ही भागीदारीत घेणार असाल तर हे सगळं सप्टेंबरातच लिहून ठेवा. मैत्री टिकते.

तिसऱ्या फेरीतला डॅलसविरुद्धचा सहावा सामना आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या घराने बघितला. ऑइलर्सचे गोलवर शॉट फक्त १०, डॅलसचे ३५, आणि तरी विजय २-१ असा आपला. आधीच्या फेरीत व्हँकुव्हरविरुद्ध दोन सामने बाकावर बसवलेल्या स्किनरने तो सामना एकट्याने धरून ठेवला. आमच्या घराला चिठ्ठीत आला तो फायनलचा चौथा सामना. फ्लोरिडा मालिकेत ३-० ने पुढे. म्हणजे आपल्याच बर्फावर त्यांनी लीगचा विजेता करंडक, स्टॅनली कप, उचललेला बघायची वेळ येऊ शकत होती. फायनलमध्ये ०-३ वरून कप जिंकल्याचं उदाहरण एकच, १९४२ मधल्या टोरोंटोचं. पहिल्या चार मिनिटांतच आपला माणूस पेनल्टीत असताना ब्राउनने पक हिसकावला, सहकारी यानमार्कला दिला आणि गोल. सामना ८-१ ने जिंकला. मॅकडेव्हिडने त्या रात्री ग्रेट्झकीचा एका प्लेऑफमधल्या ३१ असिस्टचा १९८८ चा विक्रम मोडला. नोव्हेंबरात ज्या खुर्च्यांवरून लोक संघावर ओरडत होते, त्याच खुर्च्यांवर कुणी बसायला तयार नव्हतं.

पाचवा जिंकला, सहावा जिंकला. सहाव्याला तिकीट दुसऱ्या घराकडे होतं, म्हणून आम्ही बाहेर मॉस पिटमध्ये पडद्यावर बघितला. संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या दिवंगत जोई मॉस यांचं नाव त्या मैदानाला दिलंय. तिथे जायला सीझन तिकीट लागत नाही. तिकीट घेणं जमणारच नसेल तर निदान प्लेऑफची एक संध्याकाळ तिथे घालवा. २४ जूनला फ्लोरिडात सातवा सामना २-१ ने गेला. हातातोंडाशी आलेला घास. मॅकडेव्हिडला हरलेल्या संघातून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक मिळाला, तो घ्यायला तो बाहेर आला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

तक्रारी आहेत. तिकिटं फक्त फोनवर असतात. एका खात्यातून दुसऱ्या घराला पाठवताना अडकली की दारात उभं राहून घाम फुटतो, तेव्हा आदल्या दिवशीच पाठवून ठेवा. खाणं महाग. शाकाहारींनी पुटीन (चीज आणि ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाट्याचे काप) घेताना ग्रेव्ही कशाची ते विचारून घ्यावं, बहुतेक वेळा ती मांसाचीच असते. शनिवारचे काही सामने रात्री आठला सुरू होतात, ओव्हरटाइम झाला तर मुलं खुर्चीतच झोपतात.

घरी राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. माझे आई-बाबा भारतातून आले होते. त्यांना इंग्रजी कॉमेंटरीचा वेग झेपेना. त्यांना हॉकी नाइट इन कॅनडा या टीव्ही कार्यक्रमाची पंजाबी कॉमेंटरी लावून दिली. कॉमेंटेटर हरनारायण सिंग इथल्याच अल्बर्टातल्या ब्रूक्सचे आणि त्यांचा आवाज असा चढायचा की भाषा अर्धी कळली तरी पुरायची. बाबा अजून फोनवर मॅकडेव्हिडची चौकशी करतात.

पुढच्या हंगामाचे पैसे आम्ही भरले आहेत. १ जुलैला ब्राउनचा एक वर्षाचा नवा करार झाला, ही आमच्या घरी सर्वांत आनंदाची बातमी होती. चारपैकी एक घर नोकरीनिमित्त कॅलगरीला चाललंय, त्यामुळे एक चतुर्थांश वाटा मोकळा आहे. ऑक्टोबरातले हरलेले सामनेही मनापासून बघायची तयारी असेल, अशा घराने जरूर कळवावं.