गोझोवर सात महिने: भूमध्य समुद्रातल्या बेटावर जायचं तर दिवाळीच्या सुट्टीत जा

नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही फेब्रुवारीत माल्टाला गेलो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो. सुरुवातीचे दोन महिने मुख्य बेटावरच्या स्लीमा शहरात राहिलो, पुढचे सात शेजारच्या गोझो बेटावर, मार्साल्फॉर्न गावात. परतल्यापासून सगळे एकच विचारतात, "आठ दिवसांसाठी एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?" आहे. पण कोणत्या महिन्यात जाता आणि मुक्काम कुठे करता यावर खूप काही ठरतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माल्टा, गोझो आणि चिमुकलं कोमिनो ही बेटं मिळून देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मं. त्यातलं गोझो 67. बहुतेक प्रवासी माल्टावर राहतात आणि गोझो एका दिवसात बघून येतात. मला हे उलटं करावंसं वाटतं. राजधानी व्हॅलेटा आणि जुनं तटबंदीचं शहर म्दिना यांसाठी तीन रात्री माल्टावर काढा, बाकीच्या गोझोवर. माल्टाच्या चिर्केवा बंदरातून बोट पंचवीस मिनिटांत पोचवते. जाताना तिकीट लागत नाही, पैसे परतताना भरायचे, माणशी साडेचार युरोच्या आसपास. स्लीमात आमच्या खिडकीतून समोरची इमारत आणि क्रेन दिसायची. गोझोत सकाळी दार उघडलं की रानझुडपांचा ओव्यासारखा वास यायचा.

आता ऋतूबद्दल, कारण आपल्याकडून जाणारे इथेच चुकतात. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते ऑगस्ट आभाळ कोरडं. वर्षाचा एकूण पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या अलिबागला एकट्या जुलैत त्याहून जास्त होतो. फेब्रुवारी-मार्चला घरं दगडाची, गरम करायची सोय नाही आणि हवा दमट, त्यामुळे कपाटातल्या कपड्यांना श्रावणात येते तशी बुरशी आली. घरमालकाने भिंत रंगवायला नकार दिला आणि निघताना त्याच भिंतीसाठी अनामत रकमेतून पैसे कापले. तेव्हा महिना-दोन महिने राहणार असाल तर पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

ऑगस्ट टाळाच. ऊन पस्तीस अंशांवर, आणि सगळा युरोप सुट्टीवर. कोमिनोच्या निळ्या खाडीचे फोटो बघून आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तर पाय ठेवायला दगड शिल्लक नव्हता. आता तिथे उतरायची वेळ आधी आरक्षित करावी लागते, हे चांगलंच झालं. शाळेच्या सुट्टीत जायचं म्हणून मे निवडलात तर डोंगर, मंदिरं आणि चालणं उत्तम, पण पाणी तोवर अठरा-एकोणीस अंशच असतं, मुलं दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. ऑक्टोबर अखेरीला मात्र उन्हाळाभर तापलेला समुद्र बावीस-तेवीस अंशांवर असतो, गर्दी ओसरलेली आणि खोल्या स्वस्त. अधूनमधून गडगडाटी सर येते, ती तासाभरात जाते.

वाळूचे किनारे हवे असतील तर मात्र आपलं कोकण बरं. गोझोवर रामलाचा लालसर वाळूचा किनारा सुंदर आहे, पण इतर बहुतेक ठिकाणी खडकावरून शिडीने पाण्यात उतरायचं. रबरी बूट घ्या, खडकांना काटेरी समुद्री साळिंदरं चिकटलेली असतात. जांभळट जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी लावू नका.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो श्वेय्नीच्या मिठागरात, घरापासून चालत वीस मिनिटांवर. माझं आजोळ उरणचं, आजोबा मिठागरावर होते, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळायचे. उरणला मातीचे बांध घालून वाफे करतात. इथे किनाऱ्याचा मऊ पिवळा दगडच चौकोनी खोदलाय, बुद्धिबळाच्या पटासारखा, आणि काही कुटुंबं पिढ्यानपिढ्या तो सांभाळताहेत. समुद्राचं पाणी आधी मोठ्या कुंडात तापतं, मग लहान वाफ्यांत येतं. आठवड्याभरात मीठ धरलं की मऊ झाडूने गोळा करून ढीग लावतात. हे काम उन्हाळ्यातच, पाऊस आला की थांबलं. एका बाईंना मी फोनमधला पेणच्या मिठागरांचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बांध, पाणी, फावडं सगळं नीट पाहिलं आणि मला हाताला धरून आपली सगळ्यात जुनी कुंडं दाखवायला नेलं.

पाण्याची गोष्टही अशीच. बेटावर एकही नदी नाही. जुन्या घरांखाली खडकात खोदलेली पावसाच्या पाण्याची टाकी असते, तिला ते 'बीर' म्हणतात. गडावरची खोदटाकी बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आज निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं. नळाला खारट चव येते, चहा बिघडतो, म्हणून पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं. तेवढा खर्च धरून चला.

माल्टीज भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहितात. दुनियेला 'दिन्या', पुस्तकाला 'क्तीब', साबणाला 'सापूना'. बसमध्ये बसून ओळखीचे शब्द वेचणं हा माझा रोजचा आनंद होता. इंग्रजीही राजभाषा आहे, त्यामुळे आपलं कुठेच अडत नाही. गाड्याही डावीकडूनच चालतात, पण रस्ते अरुंद. गोझोतल्या बस बऱ्याच मार्गांवर तासाला एक, आणि चुकली की पुढचा तास गेला.

गोझोवरची जगंतियाची मंदिरं इ.स.पू. 3600 च्या सुमाराची, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. सकाळी दार उघडताच जा. हायपोजियम हे माल्टावरचं, खडकात खोदलेलं भूमिगत दफनस्थान आहे. लोकांच्या श्वासाने आतली रंगकामं खराब होतात म्हणून दिवसाला फक्त 80 जणांना आत सोडतात. त्याचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. आम्ही आळस केला आणि आम्हाला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. व्हॅलेटाच्या सेंट जॉन चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 1608 चं भव्य चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. त्याच्यासमोर अर्धा तास तरी बसा.

खाण्यात शाकाहारी माणसाला वाटाण्याची पास्तित्सी तारते. बाहेरून खारीसारखी, आत मसालेदार वाटाणा, एका युरोच्या आत. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी वापरतात, तेव्हा विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांसाठी ऑगस्टच्या मध्यापासून लांपुकीचा हंगाम असतो, दिवाळीत तो चालू असतो.

इतकं छोटं बेट नको असेल तर इटलीचं सिसिली बेट. माल्टाहून जलद बोट पोत्सालोला पावणेदोन तासांत नेते. आम्ही पाच दिवस गेलो, एटना ज्वालामुखी पाहिला, पण अंतरं मोठी, निम्मा वेळ गाडीत. लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-वडील बरोबर असतील तर मी गोझोच सुचवेन.

नरक चतुर्दशीला आम्ही पहाटे घरी उटणं लावून अंघोळ केली, फराळाला चिवडा आणि शेजारणीने दिलेला बकरीच्या दुधाचा चीज होता. आठ वाजता श्वेय्नीच्या खडकांवरून पाण्यात उतरलो. मिठागरं पावसाच्या पाण्याने भरली होती, समुद्र कोमट होता, आणि सगळ्या किनाऱ्यावर आम्ही चौघंच होतो.