ब्रशलेस ड्रिलचे कार्बन बदलून मिळाले

आमच्या कळव्याच्या घरातली फळ्या, पडद्यांचे रॉड, चपलांचं कपाट ही सगळी ठोकाठोक मीच केलेली. त्यासाठी बॅटरीवरची ड्रिल मशीन घेतली होती. अंगावर ठळक लिहिलेलं: २० व्होल्ट, ब्रशलेस. वॉरंटी वर्षाची. ती संपून चार महिने होतात न होतात तोच, पावसाच्या आधी खिडकीवर ताडपत्रीसाठी हूक मारताना मशीन अडली. ट्रिगर दाबला की जागच्या जागी थरथरायची, चक, म्हणजे पुढे बिट धरणारा भाग, काही फिरायचा नाही.

ठाण्यात बाजारपेठेतल्या एका गल्लीत रिपेअरिंगचं दुकान आहे. बाहेर कटर, ग्राइंडर, हॅमर यांचा ढीग, म्हणजे माणूस कामाचा असणार असं वाटलं. त्याने मशीन कानाशी धरली, दोनदा ट्रिगर दाबला आणि निकाल दिला, "साहेब, आर्मेचर उडालंय. कार्बनपण संपलेत. २३०० होतील, तीन दिवसांनी या." (आर्मेचर म्हणजे मोटरचा तांब्याची वायंडिंग असलेला फिरणारा भाग. कार्बन म्हणजे त्याला घासत वीज पोचवणारे छोटे तुकडे, म्हणजेच ब्रश.)

मी म्हटलं, जुना पार्ट मला दाखवायचा. "दाखवतो ना, घरी घेऊन जा," तो म्हणाला. इतका मोकळेपणा बघून मीच ओशाळलो.

तीन दिवसांनी गेलो. काउंटरवर ठेवून त्याने चालवून दाखवली, झकास फिरली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं आर्मेचर हातात दिलं. तांब्याच्या पट्ट्यांचा गोल काळाठिक्कर पडलेला, वायंडिंगला जळक्या वार्निशचा वास. दोन झिजलेले कार्बनही होते. पक्कं बिल नव्हतं. दुकानाच्या कार्डामागे 'आर्मेचर + कार्बन २३००' असं लिहून घेतलं, पैसे यूपीआयने दिले. हे दोन पुरावे पुढे कामाला आले.

आठ दिवसांनी मशीन पुन्हा थरथरायला लागली. तशीच.

दुकानात फोन केला तर म्हणाला, आता बॅटरी गेली असेल. बॅटरी मी मल्टिमीटरने तपासली, १९.८ व्होल्ट. आत पाच लिथियम सेल असतात. एकेक सेल नेहमीच्या हिशेबाने ३.६ व्होल्टचा, म्हणून काही कंपन्या १८ लिहितात. पूर्ण भरल्यावर तेच चारच्या वर जातात, म्हणून काही जण २० लिहितात. वस्तू तीच. थोडक्यात, बॅटरीला काही झालेलं नव्हतं.

मग रविवारी दुपारी मशीनच उघडायला घेतली. आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली, कारण चुकून ट्रिगर दाबला गेला तर बोट जायचं. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढले. दिसणारे सगळे स्क्रू काढले, ताऱ्याच्या आकाराचे होते. तरी बॉडीचे दोन भाग सुटेनात. शेवटी कंपनीच्या लेबलवर बोट फिरवलं तर मधे खळगा लागला. ब्लेडने लेबल कापलं, खाली स्क्रू! आणि तिथेच माझा हात थांबला. लेबल अखंड होतं, एक टोकसुद्धा उचकटलेलं नव्हतं. तो स्क्रू काढल्याशिवाय ही मशीन उघडतच नाही. म्हणजे ती कोणी उघडलेलीच नव्हती.

पुढचं तर आणखी भारी. ब्रशलेस म्हणजेच कार्बन नसलेली मोटर. तिच्यात फिरतो तो चुंबकाचा रोटर. तांब्याची वायंडिंग बाहेरच्या बाजूला, जागेवरच बसलेली असते. कार्बन घासायला जागाच नाही, मग संपणार काय? अंगावर तसं लिहिलेलं असताना मी 'कार्बन संपलेत' ऐकून मान डोलावली होती! ते आर्मेचर आणून उघड्या मशीनशेजारी ठेवलं. मोटरची जागा जेमतेम तीन बोटं, आर्मेचर वीतभराला जरा कमी. कुठल्या तरी ग्राइंडरचं असावं.

खरा दोष बघा. अशा मोटरला सर्किटकडून तीन जाड वायरी येतात. त्यातल्या एकीचा टाका मोटरपाशी तडकलेला होता. वायर बोटाने हलवली की जुळायची, सोडली की सुटायची. तीनपैकी एक तुटली की मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. दुकानदाराने बहुधा काउंटरवर दोनदा आपटली असेल, तेवढ्यापुरतं जुळलं असेल. भाच्याचं सोल्डरिंग आयर्न आणलं, जुना टाका काढून नवा मारला, दहा मिनिटांत मशीन सुरू. (गिअरबॉक्सला मात्र हात लावला नाही. क्लचच्या स्टीलच्या गोळ्या एकदा फरशीवर घरंगळल्या की मग रविवार संपला.)

तुमच्या मशीनमध्ये कार्बन आहेत का हे बघायचं असेल तर अंधारात चालवून मागच्या फटींतून आत डोकवा. निळसर ठिणग्या दिसल्या तर आहेत. दुकानात देण्याआधी लेबलचा आणि स्क्रूंचा फोटो काढून ठेवा, आणि जमलं तर समोरच उघडायला लावा.

सोमवारी सगळं घेऊन दुकानात गेलो. कापलेल्या लेबलचे फोटो दाखवले. आधी म्हणाला, "साहेब, चालू करून दिली होती ना?" मी कार्ड काढलं, त्याचंच अक्षर. यूपीआयची नोंद दाखवली आणि म्हटलं, इथेच उभा राहून ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावतो. दोन गिऱ्हाइकं मागे उभी होती. गल्ल्यातून दोन हजार काढून दिले. "तीनशे चेकिंगचे," म्हणाला. मी हुज्जत घातली नाही.

पायरी उतरत होतो तेवढ्यात मागून हाक आली, "साहेब, ते आर्मेचर तेवढं परत देऊन जा."

दिलं नाही. आता ते आमच्या कपाटावर आहे.