घरच्या ग्रो लाइटला १२ व्होल्टची पट्टी घ्यावी की २४ ची?

मेथी, कोथिंबीर, मायक्रोग्रीन्स घरात वाढवायला एलईडी पट्टीचा लाइट बनवताय ना, मग आधी हे ठरवा. १२ व्होल्टचं सामान कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं आणि पट्टी साधारण दर ३ एलईडींवर कापता येते, म्हणजे छोट्या ट्रेला अगदी मापात बसते, २४ वाली बहुतेक वेळा ६ वर कापावी लागते. पण खरा फरक करंटचा आहे बघा. मीटरला १४.४ वॉटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॉट, १२ वर ६ अँपिअर, २४ वर फक्त ३, आणि करंट अर्धा झाला की त्याच वायरीत वाया जाणारी पॉवर पाव होते. १२ वाली एकाच टोकाने फीड केली तर शेवटाकडे अंधुक होते, तिथली रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात, मग दोन्ही टोकांना वायर ओढत बसा. एक ट्रे असेल तर १२ घ्या, पूर्ण रॅक असेल तर डोळे झाकून २४! एसएमपीएस (घरची वीज १२ किंवा २४ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय) १२ असो की २४, अशा ५ मीटर पट्टीला १०० वॉटचा घ्या, अर्थिंग जोडाच, पट्ट्या पॅरलल लावा (प्रत्येकीला सप्लायवरून वेगळी वायर), आणि ॲल्युमिनियम चॅनेलवर चिकटवा, नाहीतर गरम होऊन लवकर मरतात.