नऊ पुस्तकांचा गठ्ठा, सात महिन्यांचा वापर: बांधणीने दगा दिला, पण राग आहे तो ब्रीन वाया घालवल्याचा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी कुर्ल्याला उभी असताना 'झिरो सम गेम' या स्टार ट्रेकवरच्या (अमेरिकन अंतराळ-मालिका) कादंबरीची पाठ उकलली आणि मधली तीसेक पानं माझ्या मांडीवरून थेट डब्याच्या ओल्या फरशीवर पडली. समोरच्या बाईंनी पटकन पाय वर घेतले, दाराजवळच्या एका मुलीने वाकून पानं गोळा करून दिली. बहुतेक पानं घरी पंख्याखाली वाळली, चार मात्र पार चिखलात गेली. डॉक्टर बशीर आणि सरीना डग्लस हेरगिरीसाठी ब्रीन या मुखवटेधारी परग्रहवासीयांच्या वेषात त्यांच्या शहरात वावरतात, त्या भागातलीच नेमकी. सात महिन्यांत या पुस्तकातला तेवढाच भाग मी तीनदा वाचला होता. तेव्हापासून डोक्यात जे साचलंय ते आज लिहून काढते.

आधी खरेदीचं सांगते. जानेवारीत फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर स्टार ट्रेकवर बेतलेल्या नऊ कादंबऱ्यांचा गठ्ठा अकराशे रुपयांना घेतला. हिशेब केला तर पानाला साधारण ३५ पैसे पडतात. मुलुंड ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन दोन तास हातात असतात, त्या मानाने सौदा वाईट नव्हता. वरच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं होतं, 'टायफन पॅक्ट फुल सेट'. माणसं आणि त्यांच्या मित्रग्रहांचा संघ म्हणजे फेडरेशन, त्याला शह देणारी सहा परग्रही सत्तांची युती म्हणजे टायफन पॅक्ट, तिच्यावरची ही मालिका. घरी सुतळी सोडली तर त्या मालिकेतल्या सात छापील पुस्तकांपैकी सहाच निघाली. चौथं नाही. उरलेली तीन सुटी पुस्तकं भरीला घातलेली.

तीन खेपा घातल्या. "ताई, गठ्ठा आहे तसा घेतलात ना?" "पुठ्ठ्यावर फुल सेट तुम्हीच लिहिलंय ना?" "ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून लिहितो." तिसऱ्या खेपेला ऐंशी रुपये परत मिळाले. पैसे मिळाले तरी पुस्तक मिळालं नाही, आणि मला पुस्तकच हवं होतं. कारण चौथं पुस्तक अँडोर या ग्रहाचं आहे. निळ्या कातडीचे, डोक्यावर अँटेना असलेले हे लोक १९६७ सालापासून पडद्यावर आहेत, फेडरेशनच्या चार संस्थापकांपैकी एक. त्यांच्या लग्नाला चौघं लागतात, एवढा उल्लेख १९९१ च्या एका भागात सहज येऊन गेला होता. कादंबरीकारांनी तेवढ्या एका वाक्यावरून चार लिंगं, चौघांचं कुटुंब आणि चौघं जमत नाहीत म्हणून आटत चाललेली लोकसंख्या, हे सगळं उभं केलं. भरीच्या पुस्तकांपैकी एकात अर्धा भाग अँडोरचा आहे, तो मी एका शनिवारी संपवला. पोराच्या लग्नासाठी घराण्याचा दबाव म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. चौथ्या पुस्तकात हे अँडोर फेडरेशन सोडतं. मला ते पुढच्या पुस्तकात ओघात कळलं, परगावच्या नातेवाइकाची बातमी शेजाऱ्याकडून कळावी तसं.

आता मूळ तक्रार. टीव्हीवर परग्रहवासी उभा करायला पैसे लागतात. रबरी पोशाख, तासन्‌तास मेकअप, सेट. म्हणून सरड्यासारखा गॉर्न १९६७ मध्ये एका भागापुरता आला आणि स्फटिकाच्या अंगाचा थोलियन १९६८ मध्ये फक्त पडद्यावरचं एक तकतकीत डोकं म्हणून दिसला. त्याचं अख्खं शरीर दिसायला २००५ उजाडलं. ते समजू शकते. पण कागदावर मेकअपचा खर्च शून्य! दोनशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत जगणारे स्फटिकाचे लोक दाखवायला लेखकाला एक रुपयाही जास्त लागत नाही. तरी पन्नास-साठ पानं झाली की गोष्ट परत कॅप्टनच्या केबिनमध्ये, परत त्याच माणसांच्या प्रेमभंगाकडे. घरात भरलेला डबा असताना बाहेरचा वडापाव खाऊन डबा रात्री टाकून द्यावा, तशी ही नासाडी आहे. मला अन्न टाकलेलं बघवत नाही आणि हेही बघवत नाही.

गॉर्नचं पुस्तक त्यातल्या त्यात ठीक. योद्धा जातीची अंडी जिथे उबवली जायची तो ग्रहच नष्ट झालाय आणि ते नवा ग्रह शोधताहेत, ही बाजू मनाला लागते. टेलराइट नावाचे परग्रहवासीही फेडरेशनचे संस्थापक, वाद घालणं हीच त्यांची शिष्टाई. पण या नऊ पुस्तकांत ते कोपऱ्यात उभ्या पाहुण्यासारखे येतात आणि जातात.

ब्रीनवर मात्र मी अडून बसले आहे आणि बसणार. 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच टीव्ही मालिकेत हे लोक कायम बंद शिरस्त्राणात दिसतात, बोलणं म्हणजे यंत्राची खरखर. सगळ्यांची समजूत अशी की त्यांचा ग्रह गोठलेला आहे, म्हणून हा पोशाख. मग १९९९ च्या एका भागात ब्रीनच्या मित्रपक्षाचा अधिकारी वेयून सांगतो, मी तिथे जाऊन आलोय, हवा छान आहे. मग पोशाख कशाला? मालिकेने उत्तर दिलं नाही. डेव्हिड मॅकने २०१० मध्ये 'झिरो सम गेम'मध्ये दिलं: ब्रीन हा एक वंश नाहीच. अनेक वंशांचे लोक एकसारखे मुखवटे आणि एकसारखा आवाज वापरतात, म्हणजे समोरचा कुठल्या वंशाचा हे कुणालाच कळू नये आणि माणूस फक्त त्याच्या कामावर जोखला जावा.

हे वाचलं तेव्हा गाडी विक्रोळीला होती. मी पुस्तक मिटून बसले. त्याच आठवड्यात माझा भाचा भाड्याने घर शोधत होता आणि मी त्याच्यासोबत हिंडत होते. दलालाचा पहिला प्रश्न पगार नाही, नोकरी नाही. "आडनाव काय?" ते सांगितल्यावर दुसरा प्रश्न, "नॉनव्हेज खाता?" मग फोन कानाला लावून जिन्यात जाणं, परत येऊन "मालकाने कालच दुसऱ्याला दिलं." चार दिवसांत तीन इमारतींत हेच. भाचा तिसऱ्या जिन्यावरून उतरताना काही बोलला नाही, नुसता बुटाची नाडी परत परत बांधत राहिला. त्या पोराला मी ब्रीनबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पण मग घरी आल्यावर मुखवटा काढायचा की नाही?"

हाच प्रश्न मला लेखकाला विचारायचा आहे. घरात काय? लग्न जमवताना काय? आई बाळाला पहिला मुखवटा कितव्या वर्षी घालते, आणि मूल रडतं का? मुखवट्याने भेद मिटतो की नुसता झाकला जातो? यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते. पण पुस्तकाला घाई आहे ती इंजिनाचा चोरलेला आराखडा आणि कारखाना उडवण्याची. ब्रीन समाज हेरगिरीचा नेपथ्यपडदा होऊन राहतो. एप्रिलमध्ये वहीत मी या संचाला पाचपैकी दीड तारा दिला होता.

मग मे महिन्यात मत बदलावं लागलं. भरीच्या पुस्तकांत जॉन एम. फोर्डचं 'द फायनल रिफ्लेक्शन' होतं, १९८४ चं, मुखपृष्ठ फाटकं, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. सबंध गोष्ट क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जमातीच्या बाजूने. मूळ मालिकेतला कॅप्टन कर्क फक्त सुरुवातीला आणि शेवटी, पुस्तक वाचणारा म्हणून. क्लिंगॉन मुलगा जिवंत सोंगट्यांच्या खेळात वाढतो, त्याचे डावपेच, त्याची निष्ठा, आणि माणसं इथे परकी! दोन स्टेशनं पुढे गेले मी त्या नादात. त्यात किनशाया नावाच्या एका जमातीचा उल्लेख आहे. पंचवीस वर्षांनी तेच नाव टायफन पॅक्टच्या सहा सदस्यांत आलं. म्हणजे जमतं हे. भरीचंच 'हार्बिंजर'ही थोलियनांच्या डोक्यात शिरतं, त्यांच्या नावापुढे चौकटी कंसात रंग लिहिलेला असतो आणि ते एकमेकांशी विचारांनी जोडलेले असतात. तेव्हा दीडचे तीन तारे केले.

आणि जूनमध्ये भाच्याने दुसरी बातमी दिली. स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन पिकार्डच्या काळापुढची गोष्ट २००२ च्या सिनेमानंतर पडद्यावर जवळपास थांबलेली होती, ती २०२० मध्ये नव्या मालिकेने परत सुरू झाली. त्या अठरा वर्षांत कादंबऱ्यांना पुढचं जग रचायला मोकळं रान होतं. नवी मालिका वेगळ्या वाटेने गेली, तेव्हा २०२१ मध्ये तीन पुस्तकं काढून कादंबऱ्यांचं ते सगळं जग संपवलं. २०२४ मध्ये पडद्यावर ब्रीनचा मुखवटा उतरला आणि आतून वेगळंच काही निघालं. "कादंबऱ्यांतलं ते आता खरं धरत नाहीत, मावशी." अठरा वर्षं मैदान मोकळं असताना ब्रीनच्या एका घरात तरी जाऊन यायचं होतं. आता ती वाटच बंद झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं. तारे तीनच ठेवते, फोर्डसाठी.

बांधणीबद्दल: ही खिशातली पुस्तकं शिवलेली नसतात, पाठीला नुसता गोंद असतो. मुंबईच्या पावसात तो टिकत नाही. नऊपैकी तीन उकलली. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पुस्तक उलटं दुमडून एका हातात धरू नका, मी तेच करत होते. गिरगावातल्या एका बाइंडरकाकांनी साठ रुपयांत 'झिरो सम गेम' शिवून कापडी पाठ लावून दिली. गेलेल्या पानांच्या जागी चार कोरे कागद घालायला सांगितले. तिसऱ्या वाचनात त्या भागातली वाक्यं मी वहीत उतरवली होती, जेवढी आहेत तेवढी तिथे लिहून काढते आहे.

कुणाकडे टायफन पॅक्टचं चौथं पुस्तक असेल तर आठ दिवस वाचायला द्या. बदल्यात फोर्डचं देते, पण कव्हर घालून.