‘२५ वर्षे जगणारी मादी’ म्हणून विकलेला नर

गेल्या सप्टेंबरमध्ये डेन्व्हरला भरलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनातून आम्ही मुलासाठी एक टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, १२० डॉलरला विकत घेतला. ही मादी आहे, घरच्या पैदाशीतली आहे आणि सहज २५ वर्षे जगेल, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. टेक्सास ब्राउन जातीच्या माद्या इतकी वर्षे जगू शकतात हे मी वाचलेले असल्यामुळे त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माझा विश्वास बसला.

घरी आणल्यापासून तो कोळी रात्रभर काचेच्या कडेकडेने फिरत असे. बीळ करता यावे म्हणून घातलेली माती त्याने उकरली नाही आणि सोडलेल्या रातकिड्यांपैकी फार तर दोन खाल्ले. विक्रेत्याला विचारले, तर कात टाकायची वेळ जवळ आली की ते खात नाहीत, असे उत्तर आले. ही गोष्ट खरीच आहे, आणि म्हणूनच मी गप्प बसलो.

नोव्हेंबरच्या अखेरीस तो पाण्याच्या वाटीशेजारी पाय पोटाखाली आवळून निपचित पडला. कात टाकताना टॅरँटुला बहुधा उताणा होतो. हा पालथाच होता. कोळ्याचे पाय ताठ राहतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, आणि तो दाब ओसरला की ते मुठीसारखे मिटतात. मुलगा दोन दिवस ओला कापूस त्याच्या तोंडाशी धरून बसला होता.

कोळ्यांची माहिती असलेल्या एका परिचितांनी भिंगातून पाहिले आणि पुढच्या पायांच्या खालच्या बाजूचे बारीक काळे आकडे मला दाखवले. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकेही बोंडासारखी फुगलेली होती. ही पूर्ण वाढ झालेल्या नराची खूण. आग्नेय कोलोरॅडोत, ला हंटाजवळच्या गवताळ माळावर, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असे नर माद्यांची बिळे शोधत रस्ते ओलांडत असतात, आणि कित्येक वर्षे वाढून वयात आलेल्या या नरांचे आयुष्य त्यानंतर काही महिन्यांचेच उरते. आमचा कोळी बहुधा अशाच एखाद्या रस्त्यावरून उचललेला असावा. जोडीदारीण शोधायला निघालेल्या जिवाला आपण पैसे मोजून काचेत कोंडले, याचे दुःख मला पैशांपेक्षा फार अधिक आहे.

विक्रेत्याने ‘सात दिवसांनंतर हमी नाही’ एवढेच कळवले.

ज्यांना टॅरँटुला घ्यायचाच आहे, त्यांनी आधी ते आकडे आणि ती फुगीर टोके पाहावीत. मादी म्हणून विकत असतील तर तिने टाकलेली कात मागावी, कारण मादीची वीर्य साठवण्याची पिशवी कातेच्या आतल्या बाजूस भिंगातून ओळखता येते. शरद ऋतूत पूर्ण वाढलेला, लांब सडपातळ पायांचा, काळपट कोळी ‘पैदाशीतला’ म्हणून समोर ठेवला, तर तो घेऊ नये. रानातून धरलेल्या कोळ्याच्या पोटात परजीवी माशीच्या अळ्याही असू शकतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.