बंद सॉ मिलच्या जागेवरचं घर: सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

गावाला लागूनच बरीच वर्षं बंद पडलेली सॉ मिल होती. ती पाडून तिथे नवी घरं झाली आणि त्यातल्या एका घरात आम्ही आता सगळे ऋतू काढले आहेत. अशा जागेवर घर घ्यावं का, हे बरेच जण विचारतात. माझं उत्तर: जरूर घ्यावं, पण घर बघायच्या आधी जमीन बघावी. ओटा, टाइल्स, खिडक्या पुढे कधीही बदलता येतात. खालची माती आपल्याच्यानं बदलत नाही.

सॉ मिल म्हटलं की लाकडाचा भुसा डोळ्यांसमोर येतो, त्यात विषारी ते काय असणार असं वाटतं. पण अनेक ठिकाणी लाकूड नुसतं कापत नसत, वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात औषधही मुरवत. रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब क्रिओसोटमध्ये भिजवत. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारं हे काळपट तेल. कुंपणाच्या लाकडासाठी सीसीए वापरत, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं द्रावण. ते सोंती कामेशन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधलं आणि पुढे ते जगभर पसरलं; अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद केलं. टाकीतून काढलेलं लाकूड निथळत ठेवत आणि ठिबकलेलं सगळं मातीत जाई. क्रिओसोटमधले हलके घटक जिवाणू हळूहळू संपवतात. आर्सेनिक हे मूलद्रव्यच असल्यामुळे त्याचं विघटन होत नाही. गिरणी बंद पडून कितीही काळ गेला तरी ते आपोआप नष्ट होत नाही.

म्हणूनच बुकिंगआधीच्या बैठकीतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सल्लागार इंजिनिअर जुने नकाशे दाखवून माती तपासायला कुठे कुठे बोअर घेतले ते सांगत होते. गिरणीत आयुष्य काढलेले एक आजोबा मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "साहेब, नकाशात दाखवलीय ती नवी टाकी. जुनी टाकी शेडच्या मागं होती, उताराला. आम्हीच बुजवली ती." इंजिनिअरांनी ते लिहून घेतलं, तिथे चाचणीचे खड्डे घेतले आणि तेलकट माती लागली. ती उचलून बाहेर पाठवली गेली. अशा कामात प्रयोगशाळेइतकीच गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण मोलाची असते. तिथे काम केलेल्या लोकांना विचारलं होतं का, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विकासकाला विचारायलाच हवा.

सगळी माती उचलणं शक्य नसतं, कारण एवढी माती न्यायची कुठे हाही प्रश्नच असतो. आमच्याकडे जास्त खराब भाग काढला आणि बाकीच्यावर भडक नारिंगी रंगाची जाळी अंथरून वर ६० सेंटिमीटर तपासलेली स्वच्छ माती घातली. परसात झाड लावायला मी खड्डा घेत होते, तेव्हा कुदळीला ती जाळी लागली. वरची माती तांबूस, भुसभुशीत. जाळीच्या फटीतून दिसणारी खालची करडी, त्यात विटांचे तुकडे आणि काचा. मी तिथेच थांबले, खड्डा बुजवला आणि झाड उंच वाफ्यात लावलं. जाळी असते ती यासाठीच, खोदणाऱ्याला इशारा मिळावा म्हणून. आमच्याकडे बोअरवेल घ्यायची नाही, तळघर करायचं नाही आणि खोल मुळांची मोठी झाडं फक्त ठरवून दिलेल्या जागीच लावायची. ज्यांना मोठी बाग करायची हौस आहे त्यांनी हे नियम आधी नीट वाचावेत.

घर स्वतः उत्तम आहे. ऊब चांगली टिकते, आवाज येत नाही, बांधकामाबद्दल तक्रार नाही. लक्ष द्यायचं ते घर आणि अंगण जिथे मिळतात तिथे. जुन्या कारखान्याच्या जागेवर भराव असतो आणि तो वर्षानुवर्षं दबत राहतो. घरं पाइलवर, म्हणजे खालच्या घट्ट थरापर्यंत नेलेल्या खांबांवर उभी आहेत, त्यामुळे ती जागची हलत नाहीत, पण अंगण खाली जातं. आमच्या दाराशी पायरी आणि फरशी यांच्यात आता बोट जाईल एवढी फट आहे. फटीपेक्षा जास्त काळजी ड्रेनेजच्या पाइपची, कारण त्याचं एक टोक घराला बांधलेलं आणि दुसरं दबणाऱ्या मातीत असतं. तिथे लवचीक जोड नसेल तर पाइप तुटतो. आमच्या रांगेत ते जोड आहेत. पलीकडच्या रांगेतल्या दोन घरांत ते राहून गेले होते. शौचालयं तुंबल्यावर लक्षात आलं. विकासकाने दुरुस्ती केली, पण फार पाठपुरावा करावा लागला.

पिण्याच्या पाण्याची लाइनही तपासा. दूषित मातीतली बेंझिन, टोल्यूइन यांसारखी रसायनं साध्या प्लॅस्टिक पाइपच्या भिंतीतून आत झिरपू शकतात. यासाठी मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेले पाइप मिळतात, आमच्याकडे तेच आहेत. नेदरलँड्समधल्या लेकरकर्क गावात हा धडा फार महागात पडला. तिथे बुजवलेल्या चरांवर घरं बांधली, भरावात रासायनिक कचऱ्याची पिंपं होती, आणि १९८० मध्ये अडीचशेहून जास्त घरं रिकामी करावी लागली. त्यानंतर १९८३ मध्ये त्या देशाने मातीच्या शुद्धीकरणाचा कायदा केला. हे सगळं घडलं ते एका लहान गावात, हे लक्षात ठेवावं.

माझी खरी नाराजी तळ्याबद्दल आहे. दूषित थरातून पाणी खाली गेलं तर ते भूजलात विष नेईल, म्हणून इथे पावसाचं पाणी जमिनीत मुरवता येत नाही. ते अस्तर घातलेल्या तळ्यात साठवून हळूहळू ओढ्यात सोडलं जातं. योजना चांगली आहे, पण ताबा दिल्यानंतर तळ्यातला गाळ कोणी काढायचा हे कोणत्याच कागदात स्पष्ट नव्हतं. विकासक सोसायटीकडे बोट दाखवतो आणि सोसायटीकडे अजून हस्तांतरणच झालेलं नाही. जोराच्या पावसात बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड पाल्याने भरलं आणि खालच्या गल्लीत पाणी आलं. तेव्हापासून आम्ही रहिवासीच ते तोंड साफ करतो. ज्या घरांची सुरक्षितता अशा व्यवस्थांवर उभी आहे, तिथे देखभालीचं कलम मोघम ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

गाव म्हणून मात्र ही जागा मनापासून आवडली. वस्तीला वेगळं फाटक नाही, जुन्या गल्लीतून पायवाट सरळ आत येते आणि शाळेकडे जाते. जुन्या शेडचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवून लाकडी कैच्या तशाच ठेवल्या आहेत. तिथे आता वाचनालय आणि सभेची जागा आहे. बस कमी आहेत, गाडीशिवाय अडतं. पण चांगली शेतजमीन न मोडता गावात नवी घरं झाली, हे मला मोठं काम वाटतं.

घर घेणार असाल तर सफाई पूर्ण झाल्याचा अहवाल मागा. त्यात तुमच्या प्लॉटवरच्या मातीच्या थराची मोजलेली जाडी आणि जाळीचे फोटो आहेत का, ते बघा. संपूर्ण साइटची सरासरी दाखवली तर समाधान मानू नका. आमच्या रहिवाशांनी आता ठरवलं आहे की घर विकताना हा अहवाल आणि खोदकामाचे नियम नव्या मालकाला द्यायचे आणि पोच म्हणून सही घ्यायची.