मेटामॉडर्निझमचा ऑनलाइन कोर्स : पैसे अर्धे वसूल

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. रक्त-लघवी तपासणाऱ्या बाईला हे काय सुचलं, असं घरी विचारून झालं. तरी २,४०० रुपये भरले आणि सहा रविवार बसले.

दुसरा रविवार झकास. व्हर्म्युलेन आणि वान डेन आकर या दोन अभ्यासकांचा २०१० चा मूळ लेखच शिकवणाऱ्या बाईंनी वाचून घेतला. आधुनिकतेचा उत्साह आणि उत्तर-आधुनिकतेची कुचेष्टा, या दोन्हींमध्ये आजचा माणूस लंबकासारखा हेलकावतो, आणि यालाच ते मेटामॉडर्निझम म्हणतात. त्यात एक गाढव आहे. पुढ्यातलं गाजर त्याच्या तोंडाला कधीच लागत नाही, म्हणून ते चालत राहतं आणि भलत्याच मुलखात पोहोचतं.

मला आमचं काउंटर आठवलं. परवाच एक मुलगी आली होती, एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) म्हणजे काय हे मलाच समजावेल इतकी हुशार. आईच्या बायोप्सीचं पाकीट उघडण्याआधी तिने मनगटावरच्या, मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या दोऱ्याला हात लावला. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली, "माझा नाहीये हो विश्वास." हेच ते हेलकावणं, असं वाटलं.

पाचव्या रविवारी विषय होता 'सत्य', आणि तिथेच गाडी घसरली. तत्त्वज्ञ ल्योतारचा १९७९ मधला महाकथनांवरचा (म्हणजे प्रगतीसारख्या, सगळ्या जगाचा अर्थ लावणाऱ्या मोठ्या गोष्टींवरचा) अविश्वास, ऑक्सफर्ड डिक्शनरीचा २०१६ चा 'वर्षाचा शब्द' 'पोस्ट-ट्रुथ' (जिथे वस्तुस्थितीपेक्षा भावनेला वजन), सगळं अर्ध्या तासात उरकलं. मी विचारलं, आमचे भाऊजी लिंबाने कॅन्सर बरा होतो असे मेसेज पाठवतात आणि खाली लिहितात, 'खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवलं'. हाही हेलकावाच का? बाई म्हणाल्या, हो. एक कॉलेजचा मुलगा उसळलाच: नाही मॅडम, त्यांना गाजर, म्हणजे सत्य, नकोच आहे! मला त्याचंच पटलं. दोऱ्याला हात लावणारी मुलगी रिपोर्टमधलं एक अक्षर खोडत नाही. भाऊजींना रिपोर्टच नको असतो. वाद रंगात आला आणि वेळ संपली म्हणून बंद केला. अभ्यासक जेसन स्टॉर्म यांची २०२१ ची मांडणी (ते मेटामॉडर्निझमला आजच्या काळाचं वर्णन मानतच नाहीत, अभ्यासाची नवी दिशा म्हणतात) नुसती वाचनाच्या यादीत राहिली.

आवाज अधूनमधून जातो. रेकॉर्डिंग ३० दिवसांनी बंद होतं, हे पैसे भरताना कुणी सांगत नाही.

पाचपैकी तीन. दुसरा रविवार सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या.